गरम की गार

पागनीसपागेत, पहिल्या मजल्यावर
माझ्या हातात दोन काचनळ्या.
"डोळे मिटा काका. सांगा,
गरम की गार?"

मल्हारी लांभाते डोळे मिटतात.
सराफ्यात पस्तीस वर्षं रात्रीची कढई.
आता उजवा खांदा आखडलाय, बोटं पुरती वळत नाहीत,
शर्टाची बाही सून चढवून देते.
(हे सुनेनंच सांगितलं.)

"गार."
मी नळी बदलते.
"गार... थांबा. गरम असेल."

असेल.
खांद्यावरही तेच, अंदाजपंचे.
त्यांच्या कागदावर मी काट मारते:
मेणाचं भांडं नको, शेकाची पिशवी नको,
करंटचं तर नावच नको.
नापास झालेल्या मुलासारखे बघतात.

"ताई, उकळत्या तुपातनं बोट फिरवून काढायचो.
लोक टाळ्या वाजवायचे.
मग रक्तात साखर निघाली."
पुढचं बोलत नाहीत.

"पण तूप तापलं, हे कळायचं कसं?"
"कानानं. तूप बोलतं ना."

मग उरतात माझे दोन हात.
दंडाचं डोकं खोबणीत हळूच खाली सरकवते,
ते श्वास धरतात, मी थांबते,
सोडतात, मी आणखी एक जवभर.

"आता वाका. डावा हात टेबलावर.
उजवा लोंबू द्या, तुमचा नाहीच असा.
आणि गोल फिरवा."
हात फरशीवर वेटोळी काढतो, वाटीएवढी.
"फार लहान काढताय."
"ही घरची जलेबी. सराफ्याच्या जलेब्याला खांदा लागतो."

मध्येच थबकतात.
"ताई, तुमचं पाणी ओरडून राहिलंय."

कोपऱ्यात स्टीलची पेटी,
शेकाच्या पिशव्या तिच्यात टांगलेल्या.
मला तर रोजचीच गुणगुण.
झाकण उघडते. काटा अठ्ठ्याऐंशीवर,
चौऱ्याहत्तरच्या पुढे जायचा नाही कधी.
पलीकडच्या पलंगावर सरवटेबाई
पाठ उघडी टाकून केव्हाच्या वाट बघतायत,
चिमटा माझ्या हातात.

मी प्लग उपसते.
पाणी बराच वेळ बोलत राहतं, मग कुजबुजतं.
सरवटेबाई विचारतात, "काय झालं गं?"
"काही नाही. आज उशीर होईल."

लांभाते अजून तसेच वाकलेले.
"चालू ठेवू?"
"ठेवा की."
सात. आठ.
नववी ताटलीएवढी.