हॉर्नहाउट

डावा डोळा धुरकटल्यापासून
गेबहार्ट लिंडनर मान तिरकी करून बोलतो.
डोंगरातल्या गावातून येनाला दोन बस बदलून आला,
तर डॉक्टरीणबाई म्हणाली, बिघाड हॉर्नहाउटमध्ये आहे.

तो हसला. बूट काढायला वाकला.
टाचेला आहे ना, म्हणाला, हवा तेवढा.
तळहातालाही. पंचेचाळीस वर्षं शिंगाच्या फण्या केल्या,
हे बघा घट्टे.

तो नव्हे, सौसन हद्दाद म्हणाली.
हा बुबुळावरचा. काचेसारखा.
तुमची भाषा काटकसरी, दोघांना एकच शब्द:
शिंगाची कातडी.
मग कागदावर लिहिता लिहिता थांबून,
आमचीही तशीच. अलेप्पोत शिकले तेव्हा पाठ केलं होतं,
करनिय्या. कर्न म्हणजे शिंग.

डोळ्यात शिंग कुणी बघितलं?
जुन्या वैद्यांनी.
पातळ केलं की शिंगातून उजेड येतो म्हणे.

म्हणे?

पुढच्या खेपेला
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक पापुद्रा आणला.
बैलाचं शिंग. आधी आठवडाभर भिजवायचं,
निखाऱ्यावर शेकायचं, केस जळल्यासारखा वास सुटतो,
तो सुटला की उभं चिरायचं,
उलगडायचं, तापल्या लोखंडी पाट्यांत दाबायचं,
पदर सोडवायचे, खरवडायचे,
आणि खडूच्या भुकटीने घासत बसायचं
आपलं बोट पलीकडून दिसेपर्यंत.
कंदिलाला हेच लावायचे पूर्वी. काच महाग होती.

तिने तो खिडकीशी धरला.
पार्किंगमधल्या गाड्या, चेस्टनटचं झाड,
सिगारेट ओढणारा वॉर्डबॉय,
सगळे मधात बुडून उभे.
किती जाड?
अर्धा मिलिमीटर, गेबहार्ट म्हणाला, न मोजता.
डोळ्यातलाही एवढाच, ती म्हणाली.

त्या रात्री त्याला झोप आली नाही.
नाव अर्धंच बरोबर होतं.
रक्त दोघांतही नाही, हे खरं.
पण शिंग करवतीने कापा, ते हूं करत नाही,
आणि डोळ्याला साधं कुसळ सोसत नाही.
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात
पाटीवरून उडालेली ती तापली कपची
नखाच्या टोकाएवढीसुद्धा नव्हती.
तो गुरासारखा ओरडला होता.
रोझविटा पिठाच्या हातांनी धावत आली होती.

नवीन पडदा कुणाचा, ते सांगत नाहीत.
बाई की पुरुष, तेही नाही.
विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं,
मग आठवलं,
आपण तरी कधी बैलाचं नाव विचारलं?

सोळा टाके. केसाहून बारीक.
जपा, सौसन म्हणाली,
याच्या नसा तुटल्यात, परत फुटायला वर्षं लागतात,
फुटल्या तर.
तोवर धूळ गेली तरी कळणार नाही.
म्हणजे आता खरं शिंग, तो म्हणाला.
ती हसली नाही. थेंबांची चिठ्ठी लिहून दिली.

नजर महिन्या-महिन्याने निवळत गेली.
आधी खिडकीची चौकट,
मग रोझविटाच्या गळ्यावरची एक सुरकुती
जी त्याच्या ओळखीची नव्हती
(तो काही बोलला नाही),
मग दारावरचा कंदील.

हा कंदील बघायला लोक यायचे.
पाद्रीबाबांनी एकदा तसाच मागितला होता.
आणि त्याच्या डाव्या तावदानावर
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत
खरवडणीचा एक ओरखडा,
अपघातानंतरच्या वर्षातला, त्याच्याच हातचा.

शिडी कशाला, रोझविटा म्हणाली.
तीस वर्षं कुणाला दिसला नाही तो.
तुला दिसत होता?
ती कांदा चिरत राहिली.

गेबहार्टने तावदान काढलं.
तळघरातून राखून ठेवलेलं एक शिंग आणलं,
बादलीत पाणी भरलं, शिंग बुडवलं,
तरंगू नये म्हणून वर वीट ठेवली.

वर बघ, रोझविटा म्हणाली,
चार वाजले.
त्याने मान मागे टाकली. ती थेंब सोडत होती,
आणि तो विचारत होता, पडला का?
पडला का?