खाणीपाशी, सकाळी सात

वेताळ टेकडीवर माझी माणसं जमतात.
टोप्या, बाटल्या, एकाचं पोर अजून झोपेत.
मी नेहमीचंच सांगते:
हा दगड एकदा वाहत होता.
कढीसारखा उतू गेला, निवला,
त्यावर पुन्हा उतू गेला.
साडेसहा कोटी वर्षं म्हटलं की
कुणीतरी घड्याळ बघतंच.

मग दोन थरांमधली लाल रेघ,
भाजलेली माती.
म्हणजे मधे बराच काळ इथे
नुसतं ऊन पडत होतं.
पोकळ्यांतले पांढरे स्फटिक: तोडू नका,
भिंग आहे माझ्याकडे.
आणि कड्यातल्या त्या उभ्या, अर्ध्या नळ्या,
अंगठ्याएवढ्या रुंद, हातभर लांब.
त्यांना मी अकरा वर्षं दोनच शब्द दिलेत,
मानवी हस्तक्षेप,
आणि पुढे चालू लागते.

आज मागचं कुणी हललं नाही.
वडारवाडीहून नातीच्या प्रकल्पासाठी आलेल्या
शेवंताबाई धोत्रे
नळीत बोट घालून उभ्या होत्या.

"ह्यो पहारीचा माग हाय.
एकानं बसून पहार फिरवायची,
दुसऱ्यानं घण घालायचा.
फिरवणाऱ्याचा हात चुकला तर..."
पुढचं त्यांनी हातानंच दाखवलं.
"भोक भरलं की माझा बाप शीळ घालायचा.
समदे पळायचे. टेकडी एकदा खोकायची."

"मग दगड कुठं गेला?" नात.
शेवंताबाईंनी खाली बघितलं,
धुक्यात अर्धं बुडालेलं शहर,
पाण्याच्या टाक्या, क्रेन, एक कळस.
"तिकडंच कुठंतरी. लोकांच्या पायऱ्यांत."

माझ्या तक्त्यात चार रकाने आहेत.
पोरीनं खालून वर भरले:
लाव्हा. लाल माती. लाव्हा.
आजीचा बाप.
मी लाल पेन काढलं
आणि टोपण परत लावलं.

"दगड आधी वाजवायचा, बाई.
खणखणला तर पायरीला,
बद्द वाजला तर खडीला.
खडी आम्ही बायका फोडायचो."
मी माझी हातोडी त्यांच्या हाती दिली,
पिवळ्या मुठीची, जपून वापरलेली.
त्यांनी ती तोलली, हलकी वाटली असावी.
मग ज्या सपाट कातळावर
मी दर रविवारी पोरांना डबा खायला बसवते
त्यावर दोनदा ठोकून
त्या कान देऊन थांबल्या.
खाली कुठेतरी मोर ओरडला.

"बद्द," म्हणाल्या.
"हितं पोरं बसवू नका."