वर्ष एक, अंक एक

म्हापशाहून अंक उशिरा आले,
तोवर समईत दोनदा तेल घातलं होतं.
रायबंदरच्या सभागृहात सुतळी सोडली.
कव्हर जरा जास्तच हिरवं,
मी छापखान्याला सांगितलं होतं तसं.

अनुवंशशास्त्राचं नवं त्रैमासिक.
पान एकतीस : खाजनातल्या कोरगुटाची जनुकं,
लेखक चार, तक्ते सहा,
आणि तळटीपेत, सात पॉइंटात,
'बियाणे : श्रीमती कॉन्सेसांव, चोडण.'

तीनदा तपासलं होतं मी ते पान.
तरी आडनाव गळालंच.

ती दुसऱ्या रांगेत,
चपलांना बांधावरचा चिखल.
अंक हातात येताच तिनं नाकाशी नेला,
बी साठवताना नेतात तसा.
"ह्यातलं रुजतं किती?"

संपादक हसले. भाषण पुढं सरकलं.
मी हिशेब करत बसलो :
तीनशे प्रती, सभासद एकशेदहा,
उरलेल्या, बहुधा, टेबलाखाली.

परतीच्या फेरीत तिनं माझं पेन मागितलं.
कठड्याला टेकून, चश्म्याशिवाय,
एकतिसाव्या पानावर लिहू लागली :
फुर्तादो.
पाणी हलत होतं.
रफार शेजारच्या तक्त्यात गेला,
एका आकड्यावर बसला.

मी खोडला नाही.