अकरा डॉलर

ॲस्टोरियात, कोळ्यांच्या युनियनचा जुना हॉल.
भिंतींना अजून सामनचा वास.
नदीच्या मुखाशी धुक्यातला भोंगा
थांबून थांबून.
मी दाराशी, मांडीवर बिस्किटांचा डबा:
जपानसाठी, तिकीट पाच डॉलर,
नसतील तर असंच आत जा.

आर्वो निस्कालाने अकॉर्डियन वाजवलं,
मधेच विसरला,
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.
कोणी हसलं नाही.
मातीचे वाडगे गेले, गोधडी गेली,
पाद्रीबुवांनी कोरलेलं लाकडी बदक
शेवटी पाद्रीबुवांनीच विकत घेतलं.

मग शाळेतल्या मुलांची चित्रं.
नऊ वर्षांच्या कॅलमने लाटच काढलेली,
निळीशार, वर फेस, कोपऱ्यात हसरा सूर्य.
त्याच्या आईने ते हळूच पालथं घातलं.

फुमिए ओगासावारा उठल्या,
लॉन्ड्रीतला ॲप्रन अजून अंगावर.
ओत्सुचीत त्यांची बहीण.
आहे की होती,
हे नऊ दिवसांत कोणी सांगू शकलेलं नाही.
त्यांनी चित्र सुलटं केलं. बराच वेळ पाहिलं.
"पाणी काळं होतं रे," म्हणाल्या,
"टीव्हीवर दाखवलं."
कॅलमने खिशातून काळा खडू काढला.
त्यांनी त्याचं मनगट धरलं.
"नको. तिला निळाच आवडायचा."
आणि लगेच, जरा मोठ्याने:
"आवडतो."

अकरा डॉलर, सगळे सुटे, ओलसर.
मी ते दोनदा मोजले,
मग तिसऱ्यांदा,
मान वर करावी लागू नये म्हणून.