शेरा

सप्टेंबर सरला की वहीतले आकडे संपतात.
जुलैत रकाना पुरत नाही,
बत्तीस, अकरा, एकशे सहा पूर्णांक चार,
आणि आश्विन लागला की
निरंक
निरंक
निरंक,
एकाखाली एक, धुऱ्यावर बसलेल्या बगळ्यांसारखे.

सकाळी साडेआठला शाळेमागे जाते,
पर्जन्यमापकाचं नरसाळं काढते.
आत एक मुंगळा, सोयाबीनची फोलपटं.
पलीकडच्या वावरात हडंबा चाललेला,
त्याची धूळ थेट माझ्या चहात.
तालुक्याला मोबाइलवरून शून्य पाठवते.
तिथे शेऱ्याचा रकानाच नाही.
वहीत आहे.

खापरडोहचा इतिहास लिहिला तो भुसारी मास्तरांनी,
त्रेपन्न सालापासून,
आणि तोही पाऊस नसलेल्या दिवशी.
पाऊस असला की ते नुसता आकडा टाकत.
उघाड पडली की अक्षर सैलावे:

छोटी गाडी दोन तास उशिरा. रुळावर म्हैस, नारनवरे यांची.
मिरचीवर बोकड्या.
डोमाजीचे वडील वारले. वारा उत्तरेकडून, मंद.
पहिली धुई. तळ्याची पाळ दिसेना.
मंडईत दंडार पाहिली. पहाटे फार गार.

एका कोजागरीला फक्त: दूध नासले.

ती गाडी आता नाही. छोटे रूळ उखडून नेले,
मोठे टाकताहेत, गिट्टीचे ढीग पडून आहेत,
ढिगांवर पोट्टे घसरगुंडी खेळतात.
वही मात्र माझ्याकडे आली,
शाळेच्या कपाटातून, वाळवीनं एक कोपरा खाल्लेली,
कारण दुसरं कोणी घेईना.

ऑक्टोबर छप्पन्नचं पान मी किती वेळा उघडलं!

तेरा. पाऊस निरंक. सात मुले गैरहजर. कारण समजले नाही.
चौदा. पाऊस निरंक. शेरा निरंक.
पंधरा. तसेच.
सोळा. पाऊस निरंक. सातही मुले हजर.

इतकंच.
मास्तर वाईट नव्हते, सगळे सांगतात.
छड्या सगळ्यांना सारख्या मारत.
आणि म्हशीचा मालक तर त्यांनी
आडनावासकट लिहून ठेवलाय.

सातांतले एक माझे मोठे बाबा, हिवराज गजभिये,
तेव्हा तिसरीत.
आता धानाच्या बांधीपाशी मचाणाखाली बसतात,
रात्री डुकरं येतात म्हणून
दिवसाच झोप काढतात.
मी वही नेली, पान दाखवलं.
चष्मा नव्हता. मी वाचून दाखवलं.
बराच वेळ धानाकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"कारण काहून समजन त्याले, आमी सांगतलंच नाही.
गाडीत पाय ठेवाले जागा नोती.
टपावरही माणसं.
मंग निंगालो पायी, धुऱ्याधुऱ्यानं, अंधारातच.
माह्या अंगात पांढरा सदरा,
बापाच्या धोतराचा,
बाह्या इतक्या लांब का बोटं दिसेना.
पाणी नोता, पोरी, बरोबर लिवलं मास्तरनं.
पण पाय ओले होते, गुडघ्यापावतर.
दव."

मी म्हटलं, दव मोजत नाहीत.
"नसन मोजत," म्हणाले,
आणि डोळ्यांवर दुपट्टा ओढून आडवे झाले.

जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये,
हे वहीच्या पहिल्या पानावर
मास्तरांनी स्वतः लिहिलंय, लाल शाईत.
मी केली नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी नरसाळं काढलं,
मुंगळा झटकला,
तालुक्याला शून्य पाठवलं.
पेन दोनदा चालेना, तळव्यावर गिरवलं.

चौदा ऑक्टोबर.
पाऊस निरंक.
शेरा: दव होते.
पाय भिजतील इतके.