चार आण्यांची फट

उद्यमबागेतली पाळी संपवून भरमा
मागच्या पत्र्याखाली बसतो,
टॉकीजच्या भंगारातलं सोड्याचं यंत्र
पोट उघडून.

वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. नव्या ओढल्या,
कंप्रेसर जुन्या फ्रिजचा,
रिले शेजारच्या सिद्रायानं दिला,
‘साकु, इष्टु साकु’ म्हणत.

नाण्याची फट चार आण्यांची.
कानस हातात घेतली तोच मल्लव्वा
वेखंडाच्या डबीतल्या पावल्या घेऊन दारात:
‘फट मोठी केलासा तर
ह्या कुठं खपवू मी?’

कानस खाली.
अर्थची वायर कढीपत्त्याच्या ओल्या आळ्यात.
स्विच दाबला—
एक ठिणगी, यंत्र गदगदलं,
अख्ख्या चाळीचा फ्यूज उडाला.

अंधारात, आत कुठंतरी
शेवटच्या खेळापासून अडकलेलं
कुणाचं तरी नाणं
खण्णकन
परतीच्या वाटीत पडलं.

भिंतीपलीकडून सिद्राया: ‘बंतेनु?’

‘आलं,’ भरमा म्हणाला.