सातव्या घरातलं कुसळ

मंगळवारी रेनाटाचा फोन आला तेव्हा
मी जेवणाच्या टेबलावर बारा-बारा मोजत होते.
"बाबांनी गाशा गुंडाळलाय," ती म्हणाली,
"शुक्रवारपर्यंत तुमचा साचा घेऊन जा.
यंत्र न्यायला माणसं येणार आहेत."
डेल्बर्टने चष्मा काढून पुसला.
चष्मा स्वच्छच होता.

आमचा धंदा म्हणजे छोट्या आगगाड्यांचे आकडे.
खेळणी म्हटलेलं त्याला खपत नाही,
प्रतिकृती म्हणायचं.
डब्याला डबा जोडणारा, तांदळाएवढा, काळा आकडा;
एका पाकिटात बारा.
घडवणारा तो. मोजणारी मी.
आकड्यांचे आकडे माझ्या वहीत,
आणि ते कधीच फार मोठे नव्हते.

साचा आमचा, यंत्र ओस्त्रोव्स्कींचं.
औषधाच्या बाटल्यांची लाखभर बुचं काढून झाली
की मधल्या एखाद्या सकाळी
म्हातारा आमचा साचा चढवायचा.
"तुमच्या कामात माझ्या कॉफीचे पैसेही सुटत नाहीत,"
असं दर वेळी म्हणायचा,
आणि दर वेळी थोडे जास्तच आकडे द्यायचा.
एकोणीस वर्षं.

आता आणखी तिघांना विचारलं.
पहिला म्हणाला, "वर्षाला किती लाख?"
डेल्बर्ट म्हणाला, "वीस हजार."
पलीकडे बराच वेळ नुसती यंत्रं ऐकू आली.
दुसऱ्याने निदान शुभेच्छा दिल्या.
तिसऱ्याचा फोन अजून यायचाय.

शुक्रवारी सरोवराकडून बर्फ आडवं येत होतं.
कारखान्यात दिवे अर्धेच.
जिथे यंत्र होतं तिथे चार भोकं
आणि तेलाचा एक मोठा, जुना डाग.
"किती आले?" डेल्बर्टने विचारलं.
"बाराच्या भावात गेलं," म्हातारा म्हणाला
आणि हात खिशात घातले,
ते कुठे ठेवायचे हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

ऐंशी पौंडांचं पोलाद.
दोघांनी मिळून गाडीत ठेवलं,
मागच्या सीटवर, घोंगडीत,
आणि डेल्बर्टने त्याला पट्टा लावला.
मी हसले नाही.

घरी आल्यावर तो उघडला.
इतकी वर्षं मी फक्त आतून निघालेलं पाहिलं होतं,
आत काय आहे ते नाही:
बारा रिकामी घरं, आरशासारखी,
प्रत्येकात एका आकड्याएवढी पोकळी.

आणि सातव्याच्या कडेला एक ओरखडा.

प्रत्येक बारातल्या एकाला
एक कुसळ असायचं, केसाएवढं.
नखांच्या कात्रीने मी ते छाटायचे.
डॉक्टरकडे रांगेत बसून छाटलंय,
आईच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्री छाटलंय.
ओस्त्रोव्स्कींच्या यंत्रालाच बोल लावत आले.

"हे कसं झालं?" मी विचारलं.
तो कान खाजवत राहिला.
"कोरत होतो, गॅरेजमध्ये.
सूप गार होतंय म्हणून तू हाक मारलीस.
हात हलला."
"मग सांगितलं का नाहीस?"
"सूप चांगलं होतं," तो म्हणाला.

बुटांच्या खोक्यात आता एक्केचाळीस पाकिटं उरलीत.
नेब्रास्काच्या एका गृहस्थांनी सहा मागवलीत,
तपकिरी शाईत लिहिलंय,
त्यांच्या गावचं स्टेशन अजून अर्धंच झालंय,
घाई नाही.

साचा टेबलाखाली आहे.
मोजताना मी त्यावर पाय ठेवते. गार लागतो.
सहाव्या पाकिटात आज
एका आकड्याचं कुसळ तसंच राहू दिलं.
मग पाकीट बंद करायच्या आधी
पुन्हा कात्री शोधली.